राजवाड्यातील स्त्री आणि वेशीवरचा न्याय

वाचनासाठी शास्त्रभाग : २ शमुवेल, अध्याय ११ व १२; १ राजे, अध्याय १.



मागील पावसाळ्यात एका खेड्यातील उपासना आटोपल्यावर आम्ही एका पंचांच्या ओसरीवर चहा घेत बसलो होतो. एका तरुणाने आपल्या मोबाइलवर इंग्लंडच्या राज्याभिषेकाची चित्रे काढून भोवतालच्या मंडळींस दाखविली. तो समारंभ ६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला व राजा चार्ल्स याजबरोबर त्याची पत्नी कॅमिला हिलाही अभिषेक करून मुकुट घालण्यात आला, हे आमच्यापैकी पुष्कळांनी त्याच वेळी पाहिले होते. तरी चित्र पुन्हा हातोहात फिरले. एका वृद्ध बाईंनी ते डोळ्यांजवळ नेले व म्हणाल्या, "हीच ना ती? त्या बिचाऱ्या डायनाचा संसार हिनंच मोडला, आणि मुकुट हिच्याच डोक्यावर!" सर्वांनी माना हालविल्या. मग एक पंच म्हणाले, "विलायतेत चालत असेल. आपल्या मंडळीत असली बाई पुढच्या सतरंजीवर बसत नाही." दोघेतिघे हसले, आणि त्यांनी दाराकडे पाहिले. ते कोणाविषयी बोलत होते हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही चहा संपविला आणि उठलो.

त्या उठण्याचा काटा तेव्हापासून आमच्या मनात रुतून बसला आहे. म्हणून हा विषय आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या राणीचीच हकीकत घेऊ. चार्ल्स व डायना यांचा विवाह २९ जुलै १९८१ रोजी मोठ्या थाटाने झाला. १९९२ साली उभयता वेगळी झाली, १९९६ च्या ऑगस्टात घटस्फोट झाला, आणि पुढच्याच वर्षी ३१ ऑगस्टास पॅरिस शहरी मोटारीच्या अपघातात डायना मरण पावली. विवाहाचे वचन शेवटपर्यंत पाळले गेले नाही ही गोष्ट चार्ल्सने १९९४ साली दूरचित्रवाणीवर स्वतःच्या तोंडाने कबूल केली होती. कॅमिलेचाही पहिला विवाह १९९५ साली मोडला. ही हकीकत सर्व जगास ठाऊक आहे आणि ती चांगली नाही. विवाहाचे वचन देवासमक्ष दिलेले असते, व ते मोडले म्हणजे केवळ दोघांचे मोडत नाही, हे आम्ही वेदीवरून शिकवितो व येथेही तेच म्हणतो. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभूने ह्याविषयी जे सांगितले त्यातून एक अक्षरही वगळण्याचा अधिकार आम्हांस नाही.

परंतु ९ एप्रिल २००५ रोजी विंडसर गावी जे घडले ते थोडे जवळून पाहा. त्या दिवशी ह्या दोघांचे लग्न मंदिरात न लागता नगरभवनात सरकारी रीतीने लागले, व त्यानंतर किल्ल्यातील सेंट जॉर्ज मंदिरात आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी प्रार्थना व समर्पणाची उपासना चालविली. त्या उपासनेत १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील पापांगीकाराची प्रार्थना म्हटली जाणार, हे आधीच कळले होते. वर्तमानपत्रांस तेवढे पुरे झाले. आता हे दोघे आपला व्यभिचार जगापुढे कबूल करणार, असा गाजावाजा झाला. मात्र ती प्रार्थना कोणा एका जोडप्यासाठी रचलेली नव्हे. प्रभूच्या मेजाजवळ येणारा प्रत्येक जण, राव असो की रंक, तीच म्हणतो. आणि त्या दिवशीही वधूवरांबरोबर जमलेल्या सर्व मंडळीने ती म्हटली. पाहणाऱ्यांनी दोनच तोंडांकडे पाहिले. म्हणणारी तोंडे शेकडो होती.

आमच्या खेड्यांतील उपासनेतही सामुदायिक पापांगीकार असतो. तो म्हणत असता आपले अर्धे डोळे उघडे असतात व कोणाच्या तरी मानेवर खिळलेले असतात, हे पाळकास समोरून दिसते.

आता दाविदाकडे येऊ. ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे, म्हणून ती सगळी सांगत नाही. राजा गच्चीवरून पाहतो, जासूद पाठवितो, स्त्रीस आणवितो. सैन्यात असलेल्या तिच्या पतीस, उरीया हित्ती यास, युद्धाच्या तोंडी देऊन मारवितो, व तिला राणी करून घेतो. शास्त्रात क्रियापदे कोणाची आहेत ती मोजा. पाहणे, पाठविणे, आणविणे, मारविणे, सारी दाविदाची. बथशेबेची क्रियापदे फार थोडी: ती आली, तिने गर्भ राहिल्याचे कळविले, आणि नवऱ्यासाठी तिने शोक केला.

नंतर नाथान संदेष्टा येतो व गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीचा दृष्टांत सांगतो. येथे एक गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे वाचूनही पाहिली नव्हती. दृष्टांतातील धनवानाविषयी सर्वांत कठोर निकाल देतो तो दावीदच. हा मनुष्य मरणास योग्य आहे, असे तो संतापाने म्हणतो, व वर चौपट भरपाईही लावतो. ज्या मनुष्याचे तोंड आपण पाहिले नाही त्याचा न्याय करताना राग किती चटकन चढतो! दाविदाच्या त्या रागातच आपल्या ओसरीवरचा व वर्तमानपत्राचा राग आहे. नाथान मात्र रागावलेला दिसत नाही. तो बोट दाखवितो आणि तो मनुष्य कोण हे सांगतो.

तो कोठे गेला हेही पाहा. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांपाशी गेला नाही. वेशीत वडील बसत तेथे गेला नाही. बथशेबेच्या दालनातही गेला नाही. ज्याच्या हाती सत्ता होती, ज्याने ती वापरली होती, आणि जो मनात आणता तर त्याच क्षणी त्याचे डोके उडवू शकत होता, त्याच्यापुढे जाऊन तो उभा राहिला. बथशेबेस त्याने त्या अध्यायात एकही शब्द दूषणाचा लाविला नाही.

कोणी म्हणेल, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने राजाच्या विवाहाचा न्याय केला नाही काय? केला. मार्काच्या सहाव्या अध्यायात ती हकीकत आहे. पण भावाची बायको घेणे तुला योग्य नाही, हे त्याने हेरोदासच सांगितले, आणि त्याबद्दल तुरुंगात जाऊन आपले शिर दिले. हेरोदियेची चेष्टा करून लोकांस हसविण्याचे काम त्याने केले नाही. न्यायाचा शब्द बोलणारास त्या शब्दाची किंमत द्यावी लागली. आम्ही ओसरीवर जो न्याय केला त्याची आम्हांस एक कप चहाएवढीही किंमत पडली नाही, उलट चहा मिळाला.

ह्या संबंधात १९३६ सालचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत इंग्लंडचा आठवा एडवर्ड राजा झाला. वॉलिस सिम्पसन ह्या अमेरिकन बाईशी विवाह करण्याचा त्याचा मनोदय होता. त्या बाईचा एक घटस्फोट १९२७ साली झालेला, व दुसऱ्याचा पहिला हुकूम २७ ऑक्टोबर १९३६ रोजी इप्सविच येथील न्यायालयाने दिला. इंग्लंडातील वर्तमानपत्रे तोपर्यंत मूग गिळून बसली होती. १ डिसेंबर रोजी ब्रॅडफर्डचे बिशप ब्लंट आपल्या धर्मप्रांताच्या सभेत येऊ घातलेल्या राज्याभिषेकाविषयी बोलले, व राजास देवाच्या कृपेची गरज आहे, तिची जाणीव त्याने अधिक दाखवावी, अशा अर्थाचे काही म्हणाले. आपला रोख राजाच्या उपासनेतील अनियमितपणावर होता, बाईवर नव्हता, असे त्यांनी मागाहून सांगितले. पण बांध फुटला तो फुटला. दहाच दिवसांत राजाने राज्य सोडले.

मग कँटरबरीचे आर्चबिशप कॉस्मो लँग १३ डिसेंबर रोजी, रविवारी, रेडिओवर बोलले. ख्रिस्ती विवाहाच्या तत्त्वांशी न जुळणाऱ्या रीतीने सुख शोधल्याबद्दल त्यांनी गेलेल्या राजास दूषण दिले, व त्याच्या सोबत्यांसही सोडले नाही. तत्त्व म्हणून त्यांचे म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. तथापि राजा त्याआधीच देश सोडून गेला होता. ज्यांस राजाचे वर्तन मुळीच पसंत नव्हते अशाही पुष्कळांस ते भाषण पडलेल्यास लाथ मारल्यासारखे वाटले, व आर्चबिशपांवरच टीकेचा वर्षाव झाला. नाथान दार उघडे असता आत गेला. येथे दार लागल्यावर आवाज आला.

पुढे ३ जून १९३७ रोजी फ्रान्स देशात त्या दोघांचा विवाह झाला. त्याच्या थोडे आधी असा हुकूम निघाला की, राजघराण्याची मोठी पदवी पूर्वीच्या राजाकडे राहील, पण ती त्याच्या पत्नीस मिळणार नाही. राज्य सोडण्याचा निर्णय कोणाचा? बेचाळीस वर्षांच्या त्या पुरुषाचा. पदवी कोणाची राहिली? त्याचीच. बाईच्या नावावर मात्र तो डाग १९८६ साली ती मरेपर्यंत राहिला; तिनेच राजा नेला, असे आजही लोक म्हणतात. आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३७ च्याच ऑक्टोबरात हे दोघे जर्मनीत गेले व हिटलरच्या भेटीस गेले. यहुदी लोकांचा छळ तेथे त्या वेळी उघडउघड चालला होता. ह्या भेटीवरही टीका झाली, नाही असे नाही. पण कोणाही मनुष्यास त्या बाईविषयी विचारा, तो तिच्या नवऱ्यांची संख्या सांगेल, ही भेट सांगणार नाही. वेशीवरच्या न्यायाची दृष्टी शेजघराच्या खिडकीपलीकडे क्वचितच जाते.

ह्याच्या उलट नॉर्वे देशाची गोष्ट आहे. तेथील बहुतेक लोक ल्यूथरन ख्रिस्तसभेचे, व २००१ साली तेथील राजा हाच त्या सभेचाही प्रमुख होता. त्याचा वारस हाकोन याने मेटे-मारित नावाच्या तरुणीशी विवाह करण्याचे ठरविले. ती अविवाहित माता होती, तिला चार वर्षांचा मुलगा होता, आणि तरुणपणी ज्या संगतीत ती वावरली होती तीत मादक पदार्थांचा वापर चाले. देशभर चर्चा उसळली. राजा हाराल्ड याने संमती दिली. राजघराण्याबाहेरची, एका कापडव्यापाऱ्याची कन्या सोन्या, हिच्याशी लग्न करण्यास मिळावे म्हणून हा हाराल्ड स्वतः तरुणपणी नऊ वर्षे थांबला होता, व १९६८ साली त्यास ती परवानगी मिळाली होती. ते थांबणे तो विसरला नसावा, असे आम्हांस वाटते.

विवाहाच्या तीन दिवस आधी, २२ ऑगस्ट २००१ रोजी, ती वधू वार्ताहरांपुढे बसली. आपले तारुण्यातील बंड इतरांहून अधिक होते, मर्यादा ओलांडल्या गेल्या, मादक पदार्थांचा आपण धिक्कार करतो, आणि ते दिवस परत जगून निराळे करता येत नाहीत, असे तिने रडत रडत सांगितले. २५ ऑगस्टास ऑस्लोच्या मुख्य मंदिरात बिशप गुन्नार स्टॉलसेट यांनी लग्न लाविले. तो लहान मुलगा घरी लपवून ठेवण्यात आला नाही. लग्नाच्या मिरवणुकीत तो सर्वांसमक्ष होता. त्या चित्रातील वधूपेक्षा त्या मुलाकडे आम्ही अधिक वेळ पाहिले.

ती पुढे निष्कलंक राहिली, म्हणून तिला स्वीकारणे बरोबर ठरले, असे कोणी समजू नये. एका अत्यंत बदनाम धनिकाशी ओळख ठेविल्याबद्दल २०१९ साली तिनेच खेद व्यक्त केला, व तिजवर पुन्हा कठोर प्रश्न आले. ते यावयास पाहिजेत. क्षमा म्हणजे पुढील वर्तनाचा दाखला नव्हे. विचारणारांनी आजचे विचारावे. वीस वर्षांमागचे पुन्हा उकरून त्यात मिसळू नये, इतकेच.

येथे डायनेच्या वतीने एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर त्या ओसरीवरच्या वृद्ध बाईंवर आमच्याकडून अन्याय होईल. त्यांचा राग पोकळ नव्हता. त्यांनी स्वतः संसारात काय सोसले हे आम्हांस ठाऊक आहे. ज्याचे नुकसान झाले त्याचे काय, हा प्रश्न त्या विचारीत होत्या, आणि क्षमेविषयी सैल बोलणारे उपदेशक त्यास उत्तर देत नाहीत. शास्त्र देते. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळ काढा. राहाबेचे नाव तेथे साधे आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात व याकोबाच्या पत्रात तिच्या नावास तिचा जुना धंदा चिकटलेला आहे, पण मत्तयाच्या वंशावळीत ती नुसती बवाजाची आई आहे. मग सहावे वचन पाहा. शलमोनाच्या आईचे नाव तेथे नाहीच. ती पूर्वी कोणाची पत्नी होती ते आहे. उरीयाचे नाव तारणाऱ्याच्या वंशावळीत कायमचे लिहून ठेविले आहे. दाविदाच्या शूर वीरांची यादी दुसऱ्या शमुवेलाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, तिचेही शेवटचे नाव उरीया हित्ती हेच. दाविदास क्षमा झाली, बथशेबा राजमाता झाली, आणि उरीया पुसला गेला नाही. ह्या तिन्ही गोष्टी देवाने एकाच ग्रंथात ठेविल्या. आमच्या मंडळ्यांस एका वेळी एकच ठेविता येते.

आता पुन्हा नाथानाकडे. कोकरीच्या दृष्टांतावर आम्ही किती प्रवचने केली असतील! परंतु त्याच अध्यायाच्या पंचविसाव्या वचनावर एकही केलेले आठवत नाही. पहिले बाळ मेल्यानंतर बथशेबेस दुसरा पुत्र झाला, तेव्हा देवाने नाथानास पुन्हा त्याच घरी पाठविले. आणि ह्या खेपेस तो त्या मुलासाठी एक नाव घेऊन गेला. यदीद्या, म्हणजे परमेश्वराचा प्रिय. ज्या तोंडाने दोष दाखविला त्याच तोंडाने त्या घरातील लेकरास हे नाव दिले.

तिसरे येणे कित्येक वर्षांनंतरचे आहे. दावीद म्हातारा झाला, अदोनीया राज्य बळकावू लागला, आणि बथशेबेच्या व तिच्या मुलाच्या जिवावर बेतले. तेव्हा तिजकडे कोण आले? नाथानच आला. तुझा व तुझ्या पुत्राचा जीव वाचावा म्हणून मी सांगतो ते कर, असे त्याने तिला म्हटले. तिला राजाकडे आधी पाठविले, आणि ती बोलत आहे तोच मागोमाग जाऊन तिच्या शब्दास आपल्या शब्दाचा आधार दिला. पुढे शलमोन राजा झाल्यावर आई येताच तो उठून उभा राहिला, तिला नमन केले, व तिच्यासाठी आपल्या उजव्या हातास आसन मांडविले. त्या आसनापर्यंतची वाट नाथानाच्या तिसऱ्या येण्याने मोकळी झाली होती. एकदाच जाऊन दोष दाखवून परत आला असता, तर तो संदेष्टा खरा. पण त्या घराचा कोण?

ह्यापुढे जे लिहितो ते आमच्याविषयी आहे.

आमच्या देखरेखीखालील एका गावच्या तरुण उपदेशकाने तीन वर्षांपूर्वी एका परित्यक्ता बाईशी विवाह केला. तिच्या पदरी पहिल्या नवऱ्याची मुलगी होती. पहिले घर तिने का सोडले, मधली दोन वर्षे ती शहरात कोणाच्या आश्रयाने राहिली, ह्याविषयी गावात चार कथा आहेत. खरे काय ते तिने लग्नापूर्वी ह्या तरुणाच्या देखत आम्हांस सांगितले होते, काही झाकले नव्हते. आम्ही जे बोलावयाचे ते तिच्या तोंडावर बोललो, तिच्याबरोबर प्रार्थना केली, आणि न्यायालयाचा निकाल हाती आल्यावर लग्न लाविले. पंचांची कुरकुर होती. मंडळीत शांती राहावी म्हणून आम्ही त्या दोघांस म्हटले की, बाईंनी सहा महिने प्रभुभोजनास येऊ नये, मागे बसावे, मग पाहू. सहा महिने झाले. आम्हांस विचारण्याचे धैर्य तिला झाले नाही, व पंचांस सांगण्याचे आम्हांस झाले नाही. तीन वर्षे ती दाराजवळ बसते, आणि भाकर व प्याला बाहेर निघण्याच्या आधी मुलीचा हात धरून घरी जाते. तिच्या पतीस मात्र कोणी काही विचारले नाही. तो पुढे उभा राहून वचन वाचतो.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्या दोघांस पत्र पाठवून परवानगी मागितली, व पत्रातच क्षमाही मागितली. गाव व नावे लिहीत नाही. ज्यांस ठाऊक आहेत त्यांस ठाऊक आहेत. उत्तर बाईंच्या हातचे आले. त्यात क्षमेविषयी काही नव्हते. "पाळकसाहेब, लिहायचं ते लिहा, पण माझ्या मुलीचं नाव छापू नका," एवढेच होते.

ते वाचले तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ते नाव आम्ही कधी विचारलेच नव्हते.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या गावी प्रभुभोजन आहे. आम्ही शनिवारी दुपारच्या गाडीने जात आहोत. उतरणे ह्या खेपेस पंचांकडे नसून त्या उपदेशकाच्या घरी आहे, व तसे पंचांस कळविले आहे.